घरी भरलेली गोळी दोन इंच पसरते, दुकानातली एक इंचात. काय चुकतंय? (घाई आहे)

रॉकीवाला
मंडळी, मदत हवी आहे. अमेरिकेत कोलोराडोत एल्कचा (मोठ्या हरणाचा) टॅग, म्हणजे एका शिकारीचा परवाना लागलाय, तिसरा रायफल सीझन. दुकानातली गोळी शंभर यार्डांवर एक इंचात बसते, मी भरलेली दोन-सव्वादोन इंच पसरते. रायफल तीच, स्कोप तोच. पावडर कमी-जास्त करून पाहिली, फरक शून्य. वेग व्यवस्थित आहे. केस (काडतुसाच्या पितळी नळ्या) ट्रिम केल्यात, प्रायमर (बुडातल्या ठिणगीच्या टिकल्या) नीट बसलेत. 'रायफल बदला' सोडून काहीही सांगा.

तोळामासा
कॅलिबर? बुलेट (उडून जाणारा पुढचा भाग) किती ग्रेनची (वजनाचं बारीक माप)? पावडर कोणती, किती? केस नव्या की वापरलेल्या? नाडी न दाखवता औषध मागताय.

अप्पा_पुणेकर
शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. संपादक मंडळाने हा धागा उडवावा.

निळी_खार
अप्पा, तो कायदा भारतातला. कोलोराडोत राज्य सरकारच अर्ज मागवून टॅग देतं.

रॉकीवाला
६.५ क्रीडमोर. १४३ ग्रेन ईएलडी-एक्स बुलेट, एच४३५० पावडर ४१ ग्रेन. एकूण लांबी २.८०० इंच. केस याच रायफलमधून एकदा उडालेल्या. फुल लेंग्थ डाय (केस पूर्ण मूळ मापात आणणारा साचा). बॅरल हलकं, शिकारी. पुरे?

जुनी_वही
ॲनिलिंग (केसचं तोंड तापवून मऊ करणं) करता का? नाही ना? मग पुढचं सगळं व्यर्थ. नेक (केसची मान) कडक झाली की प्रत्येक केस बुलेटला वेगळी पकड देते.

तोळामासा
वहीसाहेब, एकदाच उडालेल्या केस आहेत त्या. चार-पाच वेळा भरून झाल्यावर ॲनिलिंगचा मुद्दा येतो. आणि पकड कमी-जास्त असती तर ते आधी वेगात दिसलं असतं.

जुनी_वही
दर भरणीला ॲनिलिंग, हाच नियम. ज्यांना कंटाळा आहे त्यांनी खुशाल दोन इंचांवर समाधान मानावं.

ढालगज
आधी स्क्रू बघा. स्कोपच्या रिंगचे १५ ते १८ इंच-पाउंडाला, ॲक्शनचे कंपनी सांगेल तेवढे. बॅरल आणि स्टॉकच्या फटीतून नोटेची घडी सरकते का तेही पाहा. आणि एल्कला क्रीडमोर कशाला? .३०-०६ (आणखी दमदार काडतूस) घ्या.

निळी_खार
स्क्रू ढिले असते तर दुकानातली गोळीही पसरली असती. कोलोराडोत एल्कला .२४ कॅलिबर आणि ८५ ग्रेनची बुलेट हा किमान नियम आहे, १४३ ग्रेन त्यात आरामात बसते. .३०-०६ चा धागा वेगळा काढा.

तोळामासा
रॉकीवाले, टोकापासून मोजलेली लांबी विसरा. टोकं एकसारखी नसतात. कम्पॅरेटर (मोजपट्टीला लावायचा जोड) घेऊन ओगाइव्हपासून (बुलेटच्या गोलाईपासून) मोजा, मग आपल्या बॅरलमध्ये लँड्स (आतल्या पिळदार खाचांमधले उंचवटे) कुठे सुरू होतात ते काढा. तिथून २० थाउ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाउ) मागे सुरुवात करा आणि दर पाच गोळ्यांना १५ थाउ आणखी मागे जा. मॅगझिनमध्ये मावतंय ना तेही बघा. पावडर मात्र तोवर हलवू नका. लँड्सच्या जवळ गेलात की दाब वाढतो, त्यामुळे बोल्ट जड उचलला गेला किंवा केसच्या बुडावर इजेक्टरचा (केस बाहेर फेकणाऱ्या पिनेचा) चमकता ठसा दिसला तर तिथेच थांबा आणि मात्रा उतरवा.

डायमधला एक्सपांडर बॉल (नेक आतून रुंद करणारा गोळा) कोरड्या नेकमधून ओढला तर नेक वाकडी होते. आतून चिमूटभर ड्राय ल्यूब लावा. शोल्डर (नेकखालचा उतार) दोन थाउच मागे जाऊ द्या.

आणि हो, वेग 'व्यवस्थित' म्हणजे किती, आणि मोजला कशाने?

लाजाळू_वाचक
जरा अवांतर. मी एच१बीवर आहे. मला रायफल घेता येते का?

निळी_खार
नॉन-इमिग्रंट व्हिसावर फेडरल कायद्याने बंदूकही बाळगता येत नाही आणि काडतुसंही. वैध हंटिंग लायसन्स असेल तर सूट आहे. तेव्हा क्रम असा: आधी हंटर एज्युकेशन, मग लायसन्स, मग दुकान. लायसन्सची मुदत संपली की सूटही संपते आणि रायफल घरात तशीच असते. लोक फसतात ते इथे. खरेदीआधी वकिलाला विचारा.

ढालगज
लाजाळूभाऊ, टॅगसाठी न्यू मेक्सिको बघा. पॉइंटच (टॅग न लागलेल्या वर्षांचे साठणारे गुण) नाहीत, सगळी सोडत.

निळी_खार
पॉइंट नाहीत, पण बाहेरच्या राज्यातल्या माणसाला गाइडशिवाय जेमतेम ६ टक्के टॅग. कोलोराडोत निदान पहिल्या पसंतीत अवघड युनिट (शिकारीचा विभाग) टाकून दुसऱ्या पसंतीत सोपं टाकता येतं. दुसऱ्यावर टॅग लागला तरी जमलेले पॉइंट जात नाहीत. वायोमिंगचा विचार असेल तर नकाशात वाइल्डरनेसच्या (संरक्षित रानाच्या) हद्दी पाहूनच युनिट निवडा. परराज्यातल्यांना त्या हद्दीत गाइडशिवाय मोठी शिकार करता येत नाही.

रॉकीवाला
माझ्या धाग्यावर माझा प्रश्न राहिलाच! वेग सेकंदाला २६६० फूट, पाच गोळ्यांत सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात मंद यांत २२ फुटांचा फरक. बॅरलच्या तोंडाशी पट्ट्याने बांधायचा क्रोनोग्राफ (वेग मोजायचं यंत्र) आहे.

तोळामासा
ग्रुप (कागदावरच्या भोकांचा पसारा) मोजला तेव्हाही तो बांधलेला होता?

रॉकीवाला
अर्थात. एकाच वेळी दोन्ही कामं होतात. दुकानातल्या गोळीचा वेग डब्यावर छापलेला असतो, तिला कशाला बांधायचा?

तोळामासा
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. हलक्या बॅरलच्या टोकाला वजन लटकलं की त्याची थरथर बदलते. गोळी भलतीकडे लागते, पट्टा दर गोळीला जरा सरकला की ग्रुपही फुटतो. वेगाचे आकडे खरे, कागदावरची भोकं खोटी. आणखी एक, दुकानातल्या गोळीचा ग्रुप किती गोळ्यांचा?

रॉकीवाला
तीनचा. माझ्या पाच.

तोळामासा
तीनचा ग्रुप पाचपेक्षा लहान दिसणारच. पट्टा काढा. दोन्ही गोळ्या पाच-पाच मारा, दर गोळीनंतर बॅरल हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. त्यानंतरच सीटिंग डेप्थला (बुलेट केसमध्ये किती खोल बसते त्याला) हात लावा.

रॉकीवाला
मारून आलो. पट्टा काढून माझ्या गोळ्या सव्वा इंचात. दुकानातल्या पाच मारल्यावर दीड इंच! सीटिंग डेप्थ अजून तशीच आहे.

जुनी_वही
ॲनिलिंग केलं असतं तर पाऊण इंच आला असता.

ढालगज
.३०-०६ असती तर हा धागाच निघाला नसता.

तोळामासा
सीटिंग डेप्थ आता सावकाश करा. स्कोपचा झिरो (नेम आणि गोळी एकाच जागी आणणं) कोणत्या गोळीवर काढलाय?

रॉकीवाला
दुकानातल्या.

तोळामासा
मग स्वतःच्या गोळीवर परत काढा. पहिली गोळी थंड बॅरलमधून मारा आणि ती कागदावर कुठे बसते ते वेगळं नोंदवा. एल्कला तीच लागणार आहे.