किमान अक्षर-आकाराचा पर्यायही पाहावा
मराठी मजकूर बारीक दिसत असल्यास ब्राउझरचे मूळ झूमच (सर्व पाने मोठी करून दाखवणारी सेटिंग) वाढवून ठेवावे, ही सूचना उपयोगी आहे आणि फायरफॉक्स या ब्राउझरमध्ये २०२० सालच्या ७३व्या आवृत्तीपासून तशी सोयही आहे. परंतु झूमबरोबर चित्रे आणि तक्तेही मोठे होतात आणि लहान पडद्यावर काही पाने आडवी सरकवावी लागतात. सांगलीतील आमच्या वाचनालयात ज्येष्ठ वाचकांसाठी संगणक लावून देताना मी फायरफॉक्सच्या सेटिंग्जमधील फॉन्टच्या प्रगत विभागात जाऊन, तेथे लिपी म्हणून देवनागरी निवडून, किमान आकार १८ ठेवला. ‘द्ध’ आणि ‘द्व’ यांतला फरक आता वाचकांना डोळे न ताणता कळतो, आणि माझ्या मते झूमपेक्षा हाच मार्ग अधिक योग्य आहे.

मात्र हा बदल सगळ्याच मराठी पानांवर दिसत नाही, कारण कोणत्या लिपीची सेटिंग लावायची हे फायरफॉक्स पानाच्या कोडमध्ये नोंदलेल्या भाषेवरून ठरवतो, प्रत्यक्ष अक्षरांवरून नव्हे. कित्येक मराठी संकेतस्थळांवर ही नोंद इंग्रजी अशीच राहिलेली असते. त्यामुळे त्याच विभागात लॅटिन (इंग्रजीची) लिपी निवडून तिलाही तोच किमान आकार द्यावा.