मदत हवी आहे: स्पोर्ट्स बाईकचं वेड सोडून आरामशीर टूरिंगची गाडी घ्यावी का? (चिंचवड-देवगड, पाठीचा त्रास, मागे बायको, कधीकधी आई)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज स्वतःचंच गाडं अडलंय म्हणून धागा काढतोय. लांबलंय जरा, सांभाळून घ्या.

वय ४१, उंची ५ फूट ५, वजन ७८ (लग्नात ६२ होतं, असो). राहायला चिंचवडला, गाव देवगडच्या अलीकडे. सध्या २०११ ची पल्सर १५० आहे, ९४ हजार किमी झालेत, गाडीने कधी दगा दिला नाही पण आता दोघांनाही घाट चढताना धाप लागते, तिलाही आणि मलाही.

२००३ ला करिझ्मा आली तेव्हा मी एफवायला होतो. कॉलेजच्या गेटवर एकाने आणली होती, पिवळी, आणि आम्ही दहाजण तिच्याभोवती देवळात आल्यासारखे उभे. तेव्हापासून डोक्यात एकच, की आपली स्वतःची फेअरिंगवाली (म्हणजे पुढून-बाजूने कवच असलेली) गाडी घ्यायची. मग नोकरी, फ्लॅटचा हप्ता, मुलगी, बाबांचं आजारपण, असं करत करत बावीस वर्षं गेली. आता बायको स्वतःहून म्हणाली घे काय घ्यायची ती, तीन लाखाच्या आत. हे वाक्य परत ऐकायला मिळणार नाही हे तुम्हालाही माहितीये.

तर मागच्या महिन्यात मित्राची ३९० सीसीची स्पोर्ट्स बाईक घेऊन जुन्या हायवेने लोणावळ्यापर्यंत जाऊन आलो. जाताना राजा, येताना हमाल. जाताना काय वाटलं ते लिहीत बसत नाही, लोकलाजेस्तव. पण येताना तळेगावच्या पुढे ट्रॅफिक लागलं आणि तिथून घरापर्यंत सगळं वजन मनगटांवर, मान वर करून करून खांदे भरून आले, आणि रात्री कंबर अशी धरली की सॉक्स बायकोने काढले. माझी कंबरेच्या मणक्यांमधली (एल४-एल५) गादी थोडी सरकलेली आहे, २०२२ पासून. डॉक्टर म्हणाले गाडी बंद करायची गरज नाही पण वाकून चालवू नका आणि तासाभराने उतरत जा.

वापर असा: महिना दीड महिन्यातून गावी. आई तिथे एकटी असते. वाकड, कात्रजचा नवा बोगदा, खंबाटकी, सातारा, कराड, कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट, नांदगाव तिठा, देवगड. सगळे मिळून पावणेचारशे किमी. बहुतेक वेळा एकटा, वर्षातून तीन-चार वेळा बायको मागे. कार आहे घरात पण ती बायकोला ऑफिसला लागते आणि खरं सांगायचं तर मला चालवायचीच आहे मोटरसायकल.

बघून ठेवलेल्या गाड्या: रॉयल एनफिल्डच्या मिटिऑर ३५० आणि हिमालयन ४५०, बजाजची डॉमिनार ४००, सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स. आणि मनाच्या कोपऱ्यात अजून एखादी फेअरिंगवाली, म्हणजे कोणी जर म्हणालंच की अमुक एक केलं की पाठ दुखत नाही तर.

आईला फोनवर सांगितलं नवीन गाडी घेतोय, तर ती म्हणाली, "माज्यासारख्या म्हातारीक बसूक येयत अशी घे, माका बाजारात जावचा आसा." हे मी विनोद म्हणून लिहीत नाहीये, गावी गेल्यावर तिला मागे बसवून देवगडला न्यावं लागतंच.

तर सल्ला द्या. टूरिंग बाईक घेऊन नंतर पस्तावलेले कोणी असतील तर त्यांनीही लिहा.

खड्डेमापक:
पहिली गोष्ट, तुमच्या रस्त्यावर त्या ३९० च्या ४३ पीएस ताकदीचं काय लोणचं घालायचंय? एक्सप्रेसवेवर आपल्याला घेत नाहीत, समृद्धीवर घेत नाहीत, अटल सेतूवर घेत नाहीत. चौपदरी हायवेवर मोटरसायकलला कायदेशीर मर्यादा ८०, बाकी रस्त्यांवर ६०. त्यात शेंद्रे ते कागल सहापदरीचं काम, दर दोन किमीला डायव्हर्जन आणि खडी. मी कराडचा आहे, रोज बघतो. तिथे ज्याचं सस्पेन्शन चांगलं तो राजा.

दुसरी गोष्ट, स्पोर्ट्स बाईकवर मनगटं का दुखतात ते समजून घ्या. ती पोझिशन जोरात चालवायसाठीच असते. शंभरच्या पुढे समोरचा वारा छातीला उचलून धरतो म्हणून हातावरचं वजन कमी होतं. ट्रॅफिकमध्ये आणि घाटात तो वारा नसतो, उतारावर ब्रेक मारला की उलट सगळं अंग पुढे येतं. म्हणून तुम्हाला जाताना मजा आली आणि तळेगावला वाट लागली.

लेह_रिटर्न:
काका थोडं जास्तच घाबरवताय तुम्ही लोक त्यांना. मी आर१५ वर लेहला जाऊन आलोय, ११ लिटरची टाकी, मागे बॅग बांधलेली, काही झालं नाही. पोटाचे आणि पाठीचे स्नायू मजबूत पाहिजेत आणि टाकी गुडघ्यांनी घट्ट पकडायची, हातावर रेलायचं नाही, बास. आणि सगळ्याच फेअरिंगवाल्या गाड्या सारख्या नसतात. जिक्सर एसएफ २५० बघा, हँडल बऱ्यापैकी वर आहे, इंजिन तेच व्ही-स्ट्रॉमवालं २४९ सीसी. निन्जा ३०० पण तशीच सरळ बसायची आहे. बावीस वर्षं वाट बघितली आणि शेवटी मिटिऑर? मन मारू नका.

धागाकर्ता:
@लेह_रिटर्न, वय किती तुमचं?

लेह_रिटर्न:
२४ 🙂

धागाकर्ता:
मग बरोबर आहे. (पण जिक्सर बघून आलो रात्री यूट्यूबवर. बायकोला सांगू नका.)

फिजिओताई:
मी फिजिओथेरपिस्ट आहे, गाडी फक्त स्कूटर चालवते, तेव्हा मॉडेलबद्दल मला काही कळत नाही. पण "आरामशीर" या शब्दाबद्दल एक सांगते. पुढे वाकून बसलं की कंबरेच्या गादीवर दाब वाढतो हे खरं. पण त्याच्या उलट टोकाला गेलं की सगळं बरं होतं असंही नाही. एकदम ताठ किंवा मागे रेलून, पाय पुढे पसरून बसलात की खड्ड्याचा दणका माकडहाडातून सरळ वर जातो, कारण पायांनी तो झेलताच येत नाही. आणि तासन्‌तास बसून हादरे खाणं हेच मुळात कंबरेला वाईट. मऊ सीटलाही भुलू नका, पहिल्या अर्ध्या तासात छान वाटतं आणि मग फोम दबला की खालची फळी लागते. डॉक्टरांनी सांगितलेलं तासाभराने उतरणं हे कुठल्याही गाडीपेक्षा महत्त्वाचं आहे. उतरून चहा प्यायचा नाही, आधी चालायचं, मग चहा.

खड्डेमापक:
ताईंना +१. हेच सांगणार होतो. क्रूझरचे (म्हणजे मिटिऑरसारख्या गाडीचे) फूटपेग, पाय ठेवायचे दांडे, पुढे असतात, त्यामुळे खड्डा दिसला तरी ढुंगण उचलता येत नाही. पेग सीटच्या खाली असतील तर नुसतं गुडघ्यात जोर देऊन इंचभर उठलं तरी दणका पायात जिरतो. नीट रस्त्यावर क्रूझरसारखी मजा नाही, पण शेंद्रे-कागलवर सरकलेली गादी घेऊन मी तरी बसणार नाही.

धागाकर्ता:
हे डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटत होतं जेवढं सोफ्यासारखं तेवढं चांगलं. मग हिमालयन किंवा व्ही-स्ट्रॉम का? शोरूमला दोन्हीवर बसून आलो. हिमालयनची सीट ८२५ मिमी, व्ही-स्ट्रॉमची ८३५, मला दोन्हीकडे चवड्यावर उभं राहावं लागलं. व्ही-स्ट्रॉम १६७ किलो असल्यामुळे सांभाळता तरी आली, हिमालयन १९६, ती जरा कलली आणि सेल्समन धावत आला. चालवताना मात्र हिमालयन म्हणजे अक्षरशः खड्डा विचारत नाही कोण आहे म्हणून.

मागची_सीट:
इथे सगळे पुढच्या सीटचं बोलतायत म्हणून लॉगिन केलं. मी गेली सहा वर्षं मागे बसून फिरतेय, चार वेगवेगळ्या गाड्यांवर, तेव्हा ऐका.

स्पोर्ट्स बाईकची मागची सीट म्हणजे पाट. तोही उंचावर ठेवलेला. पकडायला काही नाही, ब्रेक लागला की पुढच्याच्या पाठीवर, म्हणजे तुमच्या त्या सरकलेल्या गादीवर, बायकोचंही वजन. हा मुद्दा कोणीच लिहिला नाही.

उंच अ‍ॅडव्हेंचर गाडीवर बसल्यावर छान वाटतं, बसणं हेच संकट. डावा पाय पेगवर देऊन घोड्यावर चढल्यासारखं चढावं लागतं, चालवणाऱ्याचे दोन्ही पाय जमिनीला पक्के नसतील तर दोघं मिळून आडवे. झालंय आमचं, पेट्रोल पंपावर, सगळ्यांसमोर. तुमची आई साडीत एका बाजूला बसणार असेल तर हिमालयन विसरा. आणि कुठलीही गाडी घ्या, सॅडलबॅगचे स्टे (बॅग टेकवायचे दांडे) लावलेत की एका बाजूला बसताच येत नाही, पाय ठेवायची जागाच जाते. पटकन काढता येणाऱ्या बॅगा घ्या.

टेस्ट राईडला बायकोला घेऊन गेलात का? नसाल तर तुम्ही अर्धीच गाडी बघितलीय.

धागाकर्ता:
दंडवत स्वीकारा ताई. नव्हतो घेऊन गेलो.

एक_कप_चहा:
पैशाचंही बघा जरा. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि त्याच्या वरच्यांना सरळ ४०. हिमालयन ४५२ सीसी, डॉमिनार ३७३ सीसी, दोन्ही वरच्या गटात. तीन लाखात ऑन रोड म्हणताय तर हेल्मेट, बॅगा, क्रॅश गार्ड, जॅकेट यातलं काहीच धरलेलं नाही बहुतेक. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरावा लागतो तोही आहे.

तुमच्या यादीत होंडाची हायनेस सीबी ३५० का नाही कळलं नाही. ३४८ सीसी, सीट ८०० मिमी, वजन १८१, टाकी १५ लिटर, पेग मधे, हँडल सरळ, मागची सीट लांब आणि सपाट. ना धड क्रूझर ना धड काही, आपल्या जुन्या मोटरसायकलींसारखी मोटरसायकल. माझ्याकडे तीन वर्षं आहे. ८०-८५ ला दिवसभर जाते, शंभरच्या वर ओरडायला लागते, पण तिथे तुम्हाला जायचंच नाहीये. पावती: अलिबागला जाऊन येऊन दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेलोय.

अवांतर: जुन्या गाडीवरच आधी मागच्या शॉकअपची सेटिंग आणि टायरची हवा बघा. पुष्कळदा शॉकअप सगळ्यात कडक खाचेवर ठेवलेले असतात आणि लोक कंबरेचे एक्स-रे काढत बसतात.

लेह_रिटर्न:
सीबी ३५० ला फेअरिंग कुठेय पण 😭

खड्डेमापक:
बाळा झोप.

धागाकर्ता:
अपडेट द्यायला उशीर झाला, माफी.

@एक_कप_चहा, पल्सरचे शॉकअप बघितले. सगळ्यात कडक खाचेवर होते. २०१९ ला गावाहून आंब्याच्या पेट्या आणायच्या म्हणून मीच करून घेतले होते आणि विसरलो. दोन खाचा खाली आणले, फरक आहे. यावर घरात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

पुण्यात भाड्याने गाड्या मिळतात, तिथून एक शनिवार मिटिऑर आणि एक शनिवार सीबी ३५० घेतली. दोन्ही वेळा बायको मागे, रस्ता मुद्दाम तोच, साताऱ्यापर्यंत, खंबाटकी चढून जायचं आणि येताना बोगद्यातून. मिटिऑरवर सीट ७६५ मिमी असल्याने पाय असे टेकले की मला मी उंच असल्यासारखं वाटलं, आणि वाईच्या फाट्यापर्यंत मी जवळपास पैसे भरून मोकळा झालो होतो. पण डायव्हर्जनवर फिजिओताई म्हणाल्या तस्संच, पाय पुढे, दणका सरळ कंबरेत. सीबीवर पेगवर जोर देता आला. रात्री सॉक्स स्वतः काढले.

बायकोचं मत विचारलं तर ती म्हणाली मिटिऑरवर पाठ टेकायला होतं ते आवडलं, पण सीबीवर मला झोप लागली. म्हटलं हे चांगलं की वाईट? तर म्हणे तू ठरव.

व्ही-स्ट्रॉम मनातून जात नव्हती, कारण चालवायला खरंच सगळ्यात हलकी तीच. पण आईला ८३५ च्या सीटमागे चढवायचं चित्र डोळ्यासमोर आणलं आणि यादीतून खोडली.

तर हायनेस बुक केली. जिक्सरच्या शोरूमवरून परवा गेलो, आत गेलो नाही, पण गाडी स्लो केली होती हे कबूल करतो.

आता पुढचा प्रश्न, नवीन धागा काढत नाही, इथेच विचारतो: मागची_सीट ताई म्हणाल्या तशा पटकन निघणाऱ्या सॅडलबॅगा घ्यायच्यात, पावसात टिकणाऱ्या, आणि स्टे फक्त उजव्या बाजूला ठेवला, डावी बाजू आईसाठी मोकळी सोडली तर गाडी एका अंगाला ओढते का? उजवीकडे साधारण सहा-सात किलो होईल. कोणी एकाच बाजूला बॅग लावून चालवलीय का?