गंधकाचा हिशेब: पीपीएम म्हणजे किलो नव्हे
माती परीक्षणाच्या अहवालात गंधक 6 पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत 6 भाग), हवं 12, म्हणून हेक्टरी 6 किलो गंधक, असा हिशेब तुम्ही मांडलाय. तो निम्म्याहून कमी भरतो. हेक्टरभर जमिनीच्या वरच्या 15 सेंमी थराचं वजन साधारण 22.4 लाख किलो धरतात, म्हणजे 1 पीपीएम बरोबर 2.24 किलो. तूट 6 ची, म्हणजे गंधक 13.4 किलो.

आता हेच जिप्समातून (कॅल्शियम सल्फेट) द्यायचं तर शुद्ध मालात गंधक 18.6 टक्के. पण हाती येणारा माल शुद्ध असेलच असं नाही. 80 टक्के शुद्धता धरली तर गंधक 15 टक्क्यांच्या आसपास आणि जिप्सम लागेल 90 किलो. नमुना 30 सेंमीचा असेल आणि तेवढाच थर सुधारायचा असेल तर सगळं दुप्पट.

स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) यांच्या हिशेबात आणखी एक गोम आहे. खताच्या पोत्यावरचे आकडे ऑक्साइडचे (P2O5, K2O) असतात. त्यातून मूळ मूलद्रव्य काढायला स्फुरदाचा आकडा 0.44 ने, पालाशचा 0.83 ने गुणा. अहवालातले आकडे ऑक्साइडचे की मूलद्रव्याचे, तेही आधी पाहा.

मातीच्या कणांनी धरून ठेवलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियम-पोटॅशियमच्या 65-10-5 टक्के या ‘आदर्श’ प्रमाणामागे मी तरी धावणार नाही. चुनखडीच्या जमिनीत चाचणीचं द्रावण मोकळा चुनाही विरघळवतं, कॅल्शियम फुगून दिसतं आणि टक्केवारीच बिघडते. तिथे मॅग्नेशियम ‘कमी’ दिसलं म्हणून लगेच पोती ओतू नका. पान-देठ परीक्षण करून घ्या.

मातीचा सामू (pH) किती आलाय? तो लिहिलेला नाही.