न्याहारीच्या कुकीज: गोड जमतात, खाऱ्या का नाही?

मुलुंड_स्लो

नमस्कार मंडळी. आम्ही दोघंही पहाटे घर सोडणारे. बायकोची शाळा सातची, माझी लोकल त्याच्या आधीची. पोहे-उपमा करायला वेळ निघतो, बसून खायला निघत नाही. म्हणून रविवारी न्याहारीच्या कुकीज भाजून डब्यात भरून ठेवतो. सकाळी दोन-तीन रुमालात गुंडाळायच्या आणि सुटायचं.

गोड छान होतात. कणीक, ओट्स, गूळ, बटर, खजुराचे तुकडे. पण आईचं म्हणणं, सकाळी उठून तोंड गोड कशाला, काहीतरी तिखटामिठाचं कर. म्हणून त्याच पिठातून गूळ वगळून मीठ, जिरं आणि मेथीची पानं घालतो, थोडं पाणी लावून मळतो. त्या कुकीज पांढऱ्याफटक राहतात आणि दाताला कडक लागतात. जास्त भाजल्या की आणखी कडक. शिवाय गोड असो की खाऱ्या, या पावसात दोन दिवसांत सादळतात.

ओटीजी २८ लिटरचा आहे, १८० वर लावतो. आईला अंडं चालत नाही. मैदा शक्यतो नको. खाऱ्यांचं नेमकं काय होतंय, कुणी सांगेल का?

चहाटळ_चर्नीरोड

इराण्याकडून पावशेर जिरा बिस्किटं आणायची. विषय संपला. (वाचतोय.)

गिरगावची_मावशी

चहाटळा, त्यांना मैदा नकोय. प्रश्न तरी पुरता वाचत जा.

मुलुंडकर, तुमचा ओव्हन ठीक आहे, हातही ठीक आहे. फक्त गोडाच्या पिठातून गूळ काढला की खारं बिस्किट उरत नाही. गूळ तिथे नुसता गोडीला नसतो. पिठातलं पाणी तो स्वतःकडे खेचून घेतो, त्यामुळे कणकेला चिकटपणा धरायला पाणी कमी पडतं आणि बिस्किट भुसभुशीत राहतं. तुम्ही गूळ काढलात, वर पाणी घालून मळलंत. म्हणजे जवळजवळ पोळीची कणीक झाली आणि ती तुम्ही ओव्हनमध्ये वाळवलीत. कडक होणार नाही तर काय. रंगाचंही तेच. गूळ भराभर तांबूस होतो, तोच नाही म्हटल्यावर पीठ रंग कुठून आणणार? रंगाची वाट बघत तुम्ही भाजत बसता, तोवर आतलं ओलसरपण पार निघून जातं.

तेव्हा खाऱ्याला गोडाची धाकटी बहीण समजू नका. त्याचं घराणं शंकरपाळ्यांचं, करंजीच्या पारीचं. तिथे आपण काय करतो? मोहन चोळतो. इथेही तेच करायचं.

माझं प्रमाण असं: कणीक १०० ग्रॅम, ज्वारीचं पीठ ५० ग्रॅम, बेसन २५ ग्रॅम. बेसन कोरडंच मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत भाजायचं आणि पूर्ण गार करायचं. त्यात दुधाची पावडर एक मोठा चमचा. ही चुकवू नका, रंग हीच आणते. दुधात स्वतःची साखर असते आणि प्रथिनंही, दोन्ही मिळून आचेवर तांबूस होतात, आणि आईंना गोडही लागत नाही. शिवाय अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर सोडा, ओवा, तीळ, भरड कुटलेलं जिरं आणि मिरे. मीठ घालण्याआधी बटरचं वेष्टण वाचा. पिवळ्या खाऱ्या बटरमध्ये मीठ असतंच, त्यावर पाव चमचा पुष्कळ झालं.

बटर ८० ग्रॅम, फ्रिजमधून काढलेलं, तुकडे करून. बोटांच्या टोकांनी पिठात चोळा, तळव्याने नको, मुंबईत तळवा म्हणजे तवाच. पीठ रवाळ झालं की मूठभर घेऊन दाबायचं. मुटका वळला आणि बोट लावताच फुटला की मोहन बरोबर. मग दोन मोठे चमचे घट्ट दही. पाणी नाही. दही पुरलं नाही तर चमचा-अर्धा चमचा दूध. गोळा जेमतेम एकत्र आला की हात काढून घ्यायचा. मळायचं नाही, हे दहादा सांगितलं तरी माणसं मळतातच, सवयच लागलेली असते पोळ्यांची.

मेथीची ओली पानं बंद करा. ती भाजताना पाणी सोडतात, आणि तेवढाच भाग आतून ओला राहतो. तुमचं सादळणं निम्मं तिथूनच सुरू होत असणार. कसुरी मेथी चुरडून घाला. हिरव्या मिरचीच्या जागी सुक्या मिरचीची भरड. कोथिंबीर घालायचीच असेल तर त्या कुकीज त्याच दिवशी संपवा.

गोळा झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये. मग प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये अर्धा सेंटिमीटर जाड लाटा, वाटीने कापा, काट्याने टोचे मारा. टोचे नसले तर मधोमध फुगतात आणि टम्म फुगलेलं बिस्किट गार झाल्यावर आत पोकळ राहतं.

१८० नको, १६० करा, ओव्हन आधी पंधरा मिनिटं तापवून. मधल्या खणात वीस-बावीस मिनिटं. ट्रे काळा असेल तर बुडाकडे लक्ष ठेवा, काळा पत्रा खालून लवकर भाजतो. आणि एक बिस्किट उलटं करून बघायचं. वरचा रंग फसवतो, बूड फसवत नाही. बूड कडेने बदामी आणि मध्ये जरा फिकट दिसलं की ओव्हन बंद. लगेच बाहेर काढू नका. दार बोटभर उघडं ठेवून दहा मिनिटं तशीच आत राहू दे. उरलेला दमटपणा तिथे निघून जातो.

मुलुंड_स्लो

मावशी, साष्टांग! दुधाच्या पावडरीचं डोक्यातच आलं नसतं. मोहनाचं ऐकून आई म्हणाली, "मला विचारायचंस ना." आता दोन प्रश्न. चीज घातलं तर? आणि आईचे दात नाजूक आहेत, तिच्यासाठी आणखी मऊ करता येईल का?

गिरगावची_मावशी

चीज घाला, ३० ग्रॅम किसून. तेवढंच बटर कमी करा, नाहीतर ट्रेवर तेल सुटेल. मीठ मग अजिबात नको. चीजमुळे रंग लवकर येतो, दोन-तीन मिनिटं आधी डोकवा.

आईंसाठी कणीक कमी आणि ज्वारी जास्त, ७५-७५ धरा. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे बिस्किट तोंडात चटकन विरतं. पण ते उचलतानाही मोडतं, म्हणून पातळ लाटू नका. गोळी करून हलकी दाबायची, नानकटाईसारखी. ट्रेवरून गरम असताना काढलीत तर चुरा होणार. आमचे हे त्या चुऱ्यावर दही घालून खातात, पण ते काहीही दह्यात घालून खातात.

आता सादळण्याचं. पावसाळ्यात मुंबईची हवा ओलीच असते, बिस्किट उघडं राहिलं की ती ओल शोषून घेणार. गुळाची तर जास्तच, कारण गूळ हवेतलं पाणी ओढतो. म्हणून जाळीवर पूर्ण गार करायची, पण "पूर्ण गार" म्हणजे रात्रभर पंख्याखाली उघडी नव्हे. तास-सव्वा तासात डब्यात गेली पाहिजेत. किंचित कोमट भरलीत तर आत वाफ धरते आणि झाकणाला आतून घाम येतो. घट्ट झाकणाचा डबा घ्या. गोड आणि खाऱ्यांचे डबे वेगळे, नाहीतर खजुराचा ओलावा खाऱ्यांना जातो आणि ओव्याचा वास गोडाला.

रोजच्या रोज मोठा डबा उघडू नका. दोन दिवसांचं लहान डब्यात काढून घ्या, मोठा बंदच राहू दे. तरीही नरम पडली तर ओव्हनमध्ये १५० वर पाच-सात मिनिटं, मग गार. पुन्हा कुरकुरीत होतात. मायक्रोवेव्हच्या साध्या मोडमध्ये हे करू नका, आणखी मऊ पडतात.

त्याहून सोपं, आठवडाभराच्या कुकीज एकदम भाजूच नका. कच्च्या गोळ्या फ्रीझरमध्ये टाका, लागतील तशा भाजा. फ्रीझरमधून थेट ट्रेवर, दोन-तीन मिनिटं जास्त.

शुगरवाला_शिवडी

मावशी, गुळाच्या नाचणी-ओट्स कुकीज मला चालतील ना? साखर नाहीच म्हणून विचारतो. घरात सगळे "पौष्टिक आहे, खा" म्हणतात.

गिरगावची_मावशी

नाही हो. गूळ साखरच आहे, तपकिरी कपडे घातलेली. खजूरही गोडच, मधही. नाचणीत कॅल्शियम भरपूर असतं, ते खरंच, पण म्हणून तिच्यासोबतचा गूळ रक्तात जायचा थांबत नाही. पॅकेटवर "शुगर फ्री" लिहून गुळाची बिस्किटं विकणाऱ्यांचा मला फार राग येतो. तुम्ही खाऱ्याकडे वळा, आणि त्याही दोनच, कारण पीठ ते पीठच. सोबत उकडलेलं अंडं नाहीतर मूठभर दाणे. बाकी तुमच्या डॉक्टरांना विचारा, मी फक्त बिस्किटवाली.

ज्यांना चालतं त्यांच्यासाठी माझ्या गोडाचं प्रमाण: कणीक ७५, नाचणी ७५, ओट्स कोरडे भाजून भरड केलेले ५०, बटर १००, गुळाची पावडर ८५ ग्रॅम, वेलची, जायफळ, चिमूट मीठ. बेकिंग पावडर अर्धा चमचा, सोडा चिमूटभर. लागेल तसं दूध, दोन-तीन चमचे. नाचणीचं पीठ आधी पाच मिनिटं परतून घ्या, कच्चट वास जातो. १७० वर पंधरा ते अठरा मिनिटं. नाचणीचा रंग मुळातच गडद, त्यामुळे भाजलंय की नाही ते डोळ्यांना कळत नाही. कड बोटाने दाबून बघा. कड टणक आणि मध्य जरा दबणारा, तेव्हा काढा. बाहेर आल्यावर घट्ट होतात. ओव्हनमध्येच टणक होऊ दिल्यात तर नंतर दगड.

लालबागची_पोर

वाचून आजी आठवली. दिवाळीच्या आधी आमच्या चाळीतल्या बायका नानकटाईचं पीठ घरी करून बेकरीत भाजायला न्यायच्या. पत्र्याच्या ट्रेवर चिठ्ठी खोचायची, नाहीतर आपल्या नानकटाया दुसऱ्याच्या घरी. अजून कोणी असं भाजून देतं का? आमच्या गल्लीतल्या बेकरीने तर लाकडाची भट्टीच काढली. २०२५ मध्ये हायकोर्टाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस-विजेवर न्यायला सांगितलं होतं ना, त्यानंतर.

गिरगावची_मावशी

ओळखीच्या बेकरीत विचारून बघ, पण सणाच्या आठवड्यात नको, तेव्हा त्यांनाच श्वास घ्यायला वेळ नसतो. लाकडाच्या भट्टीचं एक सुख होतं. पाव निघून गेले की ती उतरत्या आचेवर असायची आणि नानकटाईला तीच आच हवी. गॅसवरही होतं, फक्त त्यांना सांगावं लागतं की पावाच्या आचेवर घालू नका. धुराचं म्हणशील तर बेकरीच्या वरच्या मजल्यावर राहिलेल्या माणसाला विचार, तो कोर्टाला दुवा देईल.

भाड्याचं_घर_बोरिवली

ओव्हन घ्यायला जागाच नाही. कढईत होतील का?

गिरगावची_मावशी

होतील. जाड बुडाची लोखंडी किंवा अॅल्युमिनियमची कढई घ्या, नॉनस्टिक नको, ती रिकामी तापवायची नसते. तळाला जाड मीठ पसरा, वर स्टँड, झाकण ठेवून मध्यम आचेवर दहा मिनिटं. मग तूप लावलेल्या ताटलीत कुकीज, एकमेकींपासून लांब, आणि गॅस बारीक. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. वरून आच नसल्यामुळे वरचा भाग फिकाच राहणार, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. खाऱ्या कुकीज पंधरा मिनिटांनी उलटवल्या तर दोन्हीकडून रंग येतो. गोड उलटवू नका, तुटतात. झाकणाखाली वाफ साठते, म्हणून शेवटची पाच मिनिटं झाकण किंचित सरकवून ठेवा. ते मीठ भाजीला वापरू नका, पण बरणीत भरून पुन्हा पुन्हा याच कामाला चालतं.

मुलुंड_स्लो

आज खाऱ्या केल्या. बूड बदामी आलं! बायकोच्या शाळेत स्टाफरूममध्येच डबा रिकामा झाला, माझ्या वाटणीला एक. आईचं म्हणणं, ओवा थोडा जास्त चालेल.

गिरगावची_मावशी

आईंचं ऐका. ओवा हातावर चोळून घाला, जास्त घालायची गरज पडत नाही.

चहाटळ_चर्नीरोड

मावशी, ऑर्डर घेता का? मी अगदी जवळच राहतो.

गिरगावची_मावशी

गणपतीनंतर विचार. आणि डबा तुझा घेऊन ये, माझे परत येत नाहीत.