ग्रास कटर रेस दिली की मरतं, अर्ध्या चोकवरच चालतं – मदत हवी आहे

नायलॉन दोरीचं पेट्रोल ग्रास कटर आहे, २६ सीसी, टू-स्ट्रोक. सहा वर्षं विनातक्रार चाललं. गेल्या हंगामानंतर टाकीत थोडं पेट्रोल तसंच राहिलं आणि मशीन चार-पाच महिने बंद होतं. तेव्हापासून हा त्रास आहे.

थंड असताना फुल चोकवर तिसऱ्या-चौथ्या ओढीला सुरू होतं. चोक अर्ध्यावर असेपर्यंत बऱ्यापैकी चालतं. चोक पूर्ण काढला की आयडलिंगला आवाज सारखा वर-खाली होतो आणि ट्रिगर दाबला की बुऽऽ करून बसतं. अगदी हळूहळू रेस दिली तर कधी कधी उचलतं, पण दोरी गवतात गेली की दम तोडतं. दहा-बारा मिनिटांनी आपोआप बंद पडतं. मग जरा थांबून पुन्हा चोक लावला तरच सुरू होतं.

आतापर्यंत केलेलं: जुनं पेट्रोल पूर्ण काढून ५०:१ चं ताजं मिश्रण भरलं (१ लिटरला २० मिली टू-स्ट्रोक ऑइल, मशीनच्या पुस्तकात हेच प्रमाण आहे). एअर फिल्टरचा फोम धुऊन वाळवून बसवला. नवा प्लग, गॅप ०.६ मिमी. फरक शून्य.

एकाने सांगितलं की कार्ब्युरेटरचे स्क्रू थोडे फिरव, लाइनवर येईल. पण आधी नीट चालत होतं आणि स्क्रूला कुणी हात लावला नव्हता, मग सेटिंग आपोआप कसं बिघडेल? शिवाय कमी पेट्रोलवर चालून पिस्टन जाम होईल याची मला खरंच काळजी वाटते. वडिलांनी जपून वापरलेलं मशीन आहे, माझ्या हातून खराब व्हायला नको. कुठून सुरुवात करू?

प्रतिसाद

स्क्रूला हात लावला नाहीत हे फार चांगलं केलंत. अर्ध्या चोकवर चालतं आणि चोक काढला की मरतं, याचा अर्थ सरळ आहे: इंजिनला पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी फालतू हवा आत जातेय. चोकमुळे हवा अडते आणि कार्ब्युरेटरमधली ओढ वाढते, म्हणून तेवढ्यापुरतं मिश्रण जमतं.

तुमची काळजीही बरोबर आहे. टू-स्ट्रोकमध्ये वंगण पेट्रोलबरोबरच येतं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, आणि वर इंजिन जास्त तापतं. त्यामुळे दोष सापडेपर्यंत फुल रेसवर अजिबात चालवू नका. काढलेला जुना प्लग असेल तर त्याचा रंग सांगा. टोक कोरडं आणि पांढुरकं आहे की काळं, ओलसर?

प्रतिसाद

दहा मिनिटांनी बंद पडतं म्हणून दोन गोष्टी आधी बाद करून घ्या. एक, टाकीचा व्हेंट. पेट्रोल संपतं तशी टाकीत हवा यावी लागते. ते बारीक भोक किंवा छोटा व्हॉल्व्ह चोंदला की टाकीत निर्वात होतो आणि पेट्रोल येणं थांबतं. मशीन आचके द्यायला लागलं की आडवं ठेवून टाकीचं झाकण किंचित सैल करा, सांडू देऊ नका. लगेच सुधारलं तर दोष व्हेंटचा.

दुसरं, इग्निशन कॉइल. काही कॉइल गरम झाल्या की ठिणगी सोडतात आणि थंड झाल्या की पुन्हा देतात. बंद पडल्या पडल्या स्पार्क टेस्टर लावून बघा, टाकीपासून लांब. आणि सायलेन्सरच्या तोंडाशी बारीक जाळी असेल तर तीही बघा, कार्बनने बुजली की मशीन उचलत नाही.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. जुना प्लग कोरडा, टोक पांढुरकं. झाकण सैल करून काहीच फरक पडला नाही. गरम असताना ठिणगी निळी आणि जोरदार आहे. जाळी अर्धीअधिक काळी होती, ती साफ केली. आवाज थोडा मोकळा झाला, पण मूळ रोग तसाच आहे.

प्रतिसाद

मग पेट्रोलच्याच वाटेवर या, कोरडा पांढुरका प्लगही पेट्रोल कमी पडतंय हेच सांगतो. प्रायमरचा बुडबुडा (सुरू करण्याआधी पेट्रोल ओढायला दाबतात तो पारदर्शक फुगा) आठ-दहा वेळा दाबा आणि नीट निरखा. तो पेट्रोलने पूर्ण भरतो का, की आत फेस आणि बुडबुडे फिरत राहतात? फेस राहिला तर टाकीतून येणारी नळी कुठेतरी हवा ओढतेय. नळी टाकीत शिरते तिथे रबराजवळ ती हाताने वाकवून बघा. सरळ असताना भेग दिसत नाही. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल महिनोन्‌महिने राहिलं की या नळ्या कडक होतात. टाकीतला फिल्टरही तारेच्या आकड्याने बाहेर ओढून बघा.

धागाकर्ता

सापडलं! म्हणजे निदान एक तरी. बुडबुडा कितीही दाबला तरी वरचा पाव भाग रिकामाच राहत होता. फिल्टरची नळी बाहेर घेऊन वाकवली तर टाकीच्या भोकाला लागून केसाएवढी चीर उघडली, नळी सरळ केली की मिटली. मी याच नळीवरून तीनदा नजर फिरवली होती.

दोन्ही नळ्या आणि फिल्टर नवीन टाकले. आता बुडबुडा गच्च भरतो, आयडलिंग स्थिर झालं, आवाजाची वर-खाली थांबली. पण ट्रिगर झटकन दाबला की अजूनही गचका खातं, आणि पूर्ण रेसला पाव चोक लागतोच.

प्रतिसाद

आता कार्ब्युरेटर उघडायला हरकत नाही. या मशीनमध्ये फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) नसतो, कारण ते आडवं-तिरपं कसंही धरावं लागतं. त्याऐवजी दोन पातळ पडदे असतात. एक क्रँककेसच्या दाबाच्या धक्क्यांवर हलून पेट्रोल ओढतो. दुसरा इंजिनने पेट्रोल खेचलं की आत दबतो आणि छोटी तरफ दाबून सुई उघडतो. हा दुसरा कडक झाला की सुई पुरेशी उघडत नाही, नेमकी रेसच्या वेळी.

उघडताना प्रत्येक थराचा फोटो काढा. गॅस्केट आणि पडदा यांचा क्रम दोन्ही बाजूंना सारखाच असेल असं धरून चालू नका, क्रम चुकला की पडदे-गॅस्केटचं नवं किटही चालत नाही. पंपाच्या बाजूला टिकलीएवढी जाळी असते, तिथे चिकट थर बसतो. भोकांत तार घालू नका, क्लीनरचा फवारा पुरे, तोही पडदे काढल्यावर. तरफ वाकवू नका. कार्ब्युरेटर बसतो तिथलं गॅस्केटही बदला, तिथून हवा घेतली तर सगळी मेहनत वाया.

धागाकर्ता

काल संध्याकाळी उघडला. पडदा बोटांत धरून हलकेच दाबला तर टिक-टिक वाजला, वाळलेल्या पानासारखा. किटमधला नवीन दाबला तर आवाजच नाही, कापडासारखा मऊ. दोन्ही शेजारी ठेवल्यावर आणखी काही विचारायची गरजच उरली नाही. जाळीवर पिवळसर राळेसारखा थर होता.

स्क्रू काढायच्या आधी प्रत्येक किती फेरे आत जातो ते हलक्या हाताने मोजून लिहून ठेवलं होतं, जोडताना तेवढेच उघडले. चोक काढून रेस दिली, थोडा गचका राहिला होता. लो स्क्रू (कमी रेसचं पेट्रोल ठरवणारा) फेऱ्याचा आठवा भाग उलटा सोडला आणि तोही गेला. हाय स्क्रूला (पूर्ण रेसच्या) हात लावला नाही.

आज उंच गवतात सलग पाऊण तास चालवलं, एकदाही बंद पडलं नाही. थंड झाल्यावर प्लग काढून पाहिला, टोक फिकट तपकिरी. काम झाल्यावर टाकी रिकामी केली आणि आपोआप बंद पडेपर्यंत मशीन आयडलवर चालू ठेवलं.