बदामीच्या नदीनं गाळ कुठे टाकला?

मळीचं_रान

नमस्कार मंडळी. मी सांगलीजवळ कृष्णाकाठी शेती करतो, ऊस आणि हळद. भूगर्भशास्त्र शिकलेलो नाही, पण एक प्रश्न दोन महिने डोक्यातून जात नाही.

आमची कुलदेवता बदामीजवळची बनशंकरी. पौषात जत्रेला जातो. यंदा दर्शनानंतर मुलीच्या हट्टापायी लेण्यांत निवांत वेळ घालवला. ती मूर्ती बघत होती आणि मी तिसऱ्या लेण्याजवळचा कातळ बघत बसलो. तांबड्या दगडात तिरक्या रेघा, बोट-बोटभर अंतरावर, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. त्यांना वरून छाटणारी एक आडवी रेघ, आणि तिच्यावर पुन्हा तिरक्या. नदीत वाळूची कड ताजी कापली की आतून अगदी हेच दिसतं. तिथे भेटलेल्या एका शिक्षकांनी सांगितलं, की ही प्राचीन नदीचीच वाळू आहे. मला ते लगेच पटलं.

पण मग गाळ कुठाय? २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आमच्या रानात शिरलं. उतरलं तेव्हा उसाच्या सरीत घोट्याच्या वर गाळ होता, पाय उचलला की चप्पल आतच राहायची. विहीर पाडली तेव्हाही वरचे पंचवीस-तीस फूट नुसता पोयटा लागला, वाळू त्याच्या खाली. आमच्याकडे नदी म्हटलं की आधी मळी, मग वाळू. बदामीत तळ्याच्या काठाकाठानं फिरलो, पडलेले दगड उलटे करून पाहिले. वाळू, वाळू आणि वाळू. त्या नदीला पूर येत नव्हते का? की गाळ होता आणि नंतर धुपून गेला?

वर्धा_खोरे

भाऊ, तुमच्या नजरेला मानलं. हा प्रश्न पडायला भल्याभल्या भूवैज्ञानिकांना वेळ लागला.

पूर येत होते, आणि आजच्यापेक्षा आडदांडपणे येत होते. गाळही तयार होत होता, कारण ग्रॅनाइटमधलं फेल्डस्पार हे खनिज कुजून चिकणमाती होणं हे तेव्हाही चालू होतं. फक्त तो काठावर थांबत नव्हता. बदामीचा वालुकाश्म जमिनीवर झाडं येण्याच्या कितीतरी आधीचा आहे. डोळ्यांसमोर आणा: डोंगरापासून समुद्रापर्यंत गवताची एक काडी नाही. पाऊस पडला की सगळं पाणी एकदम नदीत. काठाला धरून ठेवणारं काही नाही, म्हणून पात्र पसरट, उथळ, दहा फाट्यांत फुटलेलं, आणि दरसाल जागा बदलणारं. यंदा एखाद्या खळग्यात चिखल बसला तरी पुढच्या पुरात तीच जागा पात्र व्हायची आणि चिखल पुढे जायचा. राहिलेला वारा उडवायचा. शेवटी सगळा समुद्रात. बदामी भागात शेल, म्हणजे पापुद्र्यांचा चिखल-दगड, नाही असं नाही, हलगेरीची शेल आहे. पण ती लेण्यांच्या वालुकाश्माच्या वर, वेगळा थर म्हणून. वाळूच्या आडव्यातिडव्या थरांत चिखलाच्या पट्ट्या शोधाल तर हाती फार थोडं लागेल.

हे एकट्या बदामीचं नाही. केंब्रिजच्या विल्यम मॅकमहन आणि नील डेव्हिस यांनी जगभरचे नदीने घातलेले ७०४ खडकसमूह तपासले, ३५० कोटी वर्षांपूर्वीपासून ३० कोटी वर्षांपूर्वीपर्यंतचे, आणि २०१८ मध्ये निष्कर्ष छापला. वनस्पतींच्या आधीच्या नदीखडकांत पंकाश्माचं, म्हणजे चिखलाच्या दगडाचं, प्रमाण साधारण १ टक्का. कोळशाच्या काळात, कार्बोनिफेरसमध्ये, ते २६ टक्क्यांच्या आसपास. मी हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा वही मिटून बाहेर फेरी मारून आलो होतो. ज्या मळीवर तुमचा ऊस उभा आहे, ती पृथ्वीच्या इतिहासात बऱ्यापैकी नवी गोष्ट आहे.

मी ३१ वर्षं वर्धा खोऱ्यात कोळशासाठी घेतलेल्या बोअरचे कोअर तपासले. पत्र्याच्या पेटीत दगडाचे दांडके ओळीनं मांडलेले, खोलीचे आकडे रंगवलेले. बराकर नावाच्या कोळशाच्या थरांत क्रम ठरलेला: भरड वाळू, बारीक वाळू, करडी शेल, कोळसा, पुन्हा वाळू. शेल ओली करून पातीनं उकलली की ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाचं पान निघायचं, जिभेच्या आकाराचं, मधली शीर ठसठशीत. आणि पानापेक्षा मला जास्त आवडायचं ते त्याच झाडाचं मूळ. खण-खण पडलेलं, हुबेहूब पाठीच्या मणक्यांसारखं, म्हणून त्याचं नावच व्हर्टिब्रेरिया. ते मूळ शेलमध्ये पसरलेलं दिसलं की समजायचं: हा चिखल इथे का थांबला, याचा पुरावा हातात आहे.

मळीचं_रान

काका, मनापासून आभार. मुलीनं हे वाचून एक शंका काढली, ती जशीच्या तशी देतो. पहिल्या वनस्पती शेवाळासारख्या होत्या ना? त्यांना मुळंच नव्हती. मग त्यांनी गाळ धरला कसा? की गाळ वाढला तो मोठी झाडं आल्यावर?

वर्धा_खोरे

पोरीला शाबासकी सांगा.

काळ असा आहे. सर्वांत जुने बीजाणू सापडतात सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीचे. ते टाकणारी वनस्पती लिव्हरवर्टसारखी, म्हणजे शेवाळाच्या नात्यातली, जमिनीला चिकटलेली. ४३ कोटींच्या सुमाराला कुकसोनिया: काही सेंटिमीटर उंच, पान नाही, खरं मूळ नाही, नुसती फाटे फुटलेली काडी आणि टोकाला बीजाणूंची गाठ. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावाजवळच्या चर्टमध्ये, म्हणजे गारगोटीसारख्या कठीण दगडात, ४० कोटी वर्षांपूर्वीची अख्खी दलदल गोठून राहिली आहे, पेशीन् पेशी दिसते. तिथलीही झाडं गुडघ्याच्या खालीच. खोल मुळांचं जंगल येतं ते त्यानंतर, डेव्होनियन काळात. न्यूयॉर्क राज्यात कैरो गावच्या खाणीत सुमारे ३८.५ कोटी वर्षांपूर्वीच्या आर्किओप्टेरिस या झाडाची मुळं ११ मीटरपर्यंत पसरलेली आहेत.

आणि गंमत अशी, की पंकाश्म वाढायला लागतो तो ऑर्डोव्हिशियन-सिल्युरियनमध्येच, म्हणजे डेव्होनियनच्या आधीच्या काळांत, मुळांच्या आधी. तुमच्या मुलीनं बरोबर तिथेच बोट ठेवलंय. शेवाळाची चादर पाण्याचा वेग तळाशी कमी करते आणि धूप रोखते, हे एक उत्तर. पण तेवढ्यानं माझं समाधान होत नव्हतं.

तुरटी

काका, इथे मी थोडं बोलू का? मी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काम करते, भूगर्भातलं नाही. पण गाळ खाली बसवणं हेच माझं रोजचं काम.

चिकणमातीचा दोन मायक्रॉनचा सुटा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली यायला सुमारे तीन दिवस घेतो. वाहत्या नदीत तो बसणारच नाही. कणांवर ऋण भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर सारतात. पावसाळ्यात आम्ही रोज सकाळी जार टेस्ट लावतो: सहा चंचुपात्रं, सहा पाती, प्रत्येकात तुरटीची वेगळी मात्रा. आधी जोरात ढवळायचं, मग अगदी हळू. काही मिनिटांत चहासारख्या पाण्यात पुंजके दिसायला लागतात, कण्यांएवढे होतात आणि भराभर खाली येतात. कण तेच असतात, पण एकमेकांना धरल्यावर त्यांची चाल बदलते.

हेच काम वनस्पतींचा चिकट पदार्थ करतो. कॅल्टेक या अमेरिकी विज्ञानसंस्थेच्या सारा झाइकनर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये नेमकं हे तपासलं. चिकणमातीच्या पाण्यात गवारगमसारखे सेंद्रिय डिंक थोडे थोडे घातले, आणि गोड्या पाण्यातही मातीचे पुंजके झाले. त्यांचं म्हणणं, की पहिल्या वनस्पतींनी मुळं फुटायच्या आधीच जमिनीवर आणि पाण्यात सेंद्रिय पदार्थ वाढवला, आणि त्यानं गाळ नदीकाठीच बसायला लागला. शेवाळाला मूळ नसलं तरी बुळबुळीतपणा आहेच.

दादा, तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर निवळीच्या बीबद्दल विचारा. पावसाळ्यात हंड्याच्या आतल्या बाजूला ती बी उगाळायचे आणि वर गढूळ पाणी ओतायचे. गवारीच्या डिंकात जो गॅलॅक्टोमॅनन नावाचा चिकट पदार्थ असतो, तो निवळीच्या बीतही आहे. पाणी ‘निवळतं’ म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर तीच बी येते.

वर्धा_खोरे

ताई, माझी इतक्या वर्षांची अडचण तुम्ही दूर केलीत.

आता माझ्याच पहिल्या प्रतिसादात एक दुरुस्ती. पात्र पसरट आणि दहा फाट्यांचं, असं मी ठासून लिहिलं. आम्हाला तसंच शिकवलं होतं: झाडांच्या आधी नागमोडी नदी नाहीच. आज एवढ्या खात्रीनं म्हणता येत नाही. वम्सी गंटी आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये अब्जभर वर्षं जुन्या खडकांवरून दाखवलं, की मंद उताराच्या, एकाच प्रवाहाच्या नद्या तेव्हाही होत्या. नेवाडाच्या वाळवंटात आजही काठावर झाड नसलेल्या नागमोडी नद्या आहेत. पण त्यांची वळणं झाडं असलेल्या नद्यांपेक्षा सुमारे दहापट वेगानं सरकतात, असं अलेस्सांद्रो इएल्पी आणि मातियू लापोत्र यांचं २०२० चं मोजमाप सांगतं. म्हणजे झाडांनी वळण शोधून काढलं असं नाही, त्यांनी वळणाला थोपवलं. माझ्या मते गाळाच्या दृष्टीनं तेच निर्णायक आहे. नदी हळू सरकली, तर काठावरच्या मळीला पुरून राहायला आणि दगड व्हायला सवड मिळते.

उलट बाजूचा पुरावाही आहे. २५ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशात झाडं मेली, आणि दक्षिण आफ्रिकेच्या कारू खोऱ्यात त्याच पातळीवर नागमोडी नद्यांचे थर संपून फाटाफुटीच्या नद्यांची वाळू सुरू होते. पीटर वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी २००० साली ते मांडलं.

आणि शेतकरी आहात म्हणून खास तुमच्यासाठी: मिनियापोलिसच्या प्रयोगशाळेत मिकाल ताल आणि ख्रिस पाओला यांनी वाळूच्या हौदात पाणी सोडून फाटाफुटीची छोटी नदी तयार केली. मग पाणी कमी असताना वर बी फेकलं, उगवू दिलं, पूर सोडला, पुन्हा बी फेकलं. काही फेऱ्यांनंतर फाटे बुजले आणि एकच प्रवाह उरला. बी कशाचं होतं, तर अल्फाल्फाचं. म्हणजे आपला लसूणघास.

मळीचं_रान

लसूणघास! आमच्या गोठ्यामागे अर्धा गुंठा तोच आहे.

ताई, निवळीच्या बिया काष्ठौषधीच्या दुकानात मिळाल्या. आई म्हणाली, तिच्या माहेरी हे करायचे. काल संध्याकाळी मुलीनं दोन सारख्या बरण्या घेतल्या, दोन्हींत नदीकाठचा मूठ-मूठ पोयटा कालवला. एकीत सहाणेवर उगाळलेली बी घातली. नऊच्या सुमाराला तिच्यात पुंजके खाली येताना स्पष्ट दिसत होते, टॉर्च लावला की हिमासारखे. आज पहाटे त्या बरणीतून पलीकडची खिडकी दिसत होती. दुसरी अजून चहाच्या रंगाची आहे.

तिला ती हलवू नको म्हणून सांगितलंय. किती दिवसांनी निवळते ते मोजतोय, रोजची नोंद इथे टाकतो.