पराटी, पराट्या, कवडी, वाक : कापसाच्या कुळातले शब्द

प्रश्न : कृषी खात्याच्या पत्रकात ‘कपाशी’, बाजारात ‘कापूस’ अन् गावात ‘पऱ्हाटी’. हे तिन्ही एकच का? ‘पऱ्हाट्या’ म्हणजे नुसतं अनेकवचन का? आणि अंबाडी-भेंडी कापसाच्या कुळातली म्हणतात, ते कशावरून?

दारव्ह्याकडून : एकच नाहीत. पऱ्हाटी, बोलताना पराटी, म्हणजे शेतात उभं असलेलं झाड. पुस्तकातली कपाशी तीच. कापूस म्हणजे बोंडातून वेचलेला, सरकीसकट (सरकी म्हणजे बी). म्हणून ‘कापूस निंदला’ असं कोणी म्हणत नाही. पराटी निंदतात, कापूस वेचतात. जिनिंगमध्ये (बी वेगळं काढणाऱ्या गिरणीत) त्याचे दोन होतात, रुई म्हणजे नुसता धागा आणि सरकी. क्विंटलमागे साधारण 33 ते 36 किलो रुई निघते, तो उतारा. बाकी बहुतेक सरकी, थोडी घट. रुईची दाबून बांधलेली गाठ 170 किलोची. सरकीचं तेल काढल्यावर उरते ती ढेप.

पराट्या हे अनेकवचन आहेच, पण शेवटचा वेचा झाल्यावर त्याचा अर्थ वाळलेल्या काड्या असाच होतो. चिमट्यानं बुडाशी धरून मुळासकट उपटायच्या, मग जळण. पाणी देऊन तीच पराटी पुढे चालू ठेवली की फरदड.

आर्वीकडून : फरदडीबद्दल सांगायलाच पाहिजे, कारण शब्द साधा अन् नुकसान मोठं. गुलाबी बोंडअळीला हिवाळ्यानंतर उपाशी ठेवायचं तर शेत डिसेंबरअखेर मोकळं व्हावं लागतं. फरदड ठेवली की तिला नवी बोंडं मिळतात. बांधावर रचलेल्या पराट्यांतही न फुटलेल्या बोंडात अळी सुप्त राहते. ढीग जूनपर्यंत पडून राहिला तर पुढच्या हंगामाचं बेणं आपणच जपलं.

क्रम असा : पाती (फुलाची कळी), फूल, बोंड. अमेरिकन कपाशीचं फूल पहिल्या दिवशी पिवळसर पांढरं, दुसऱ्या दिवशी गुलाबी. रंग बदलला म्हणजे रोग नव्हे. पाकळ्या आतून जाळ्यानं बांधल्या जाऊन फूल न उमलता गुलाबासारखं मिटलेलं दिसलं, तर ती डोमकळी. आत गुलाबी बोंडअळीची अळी असते. डोमकळ्या तोडून रॉकेलच्या पाण्यात टाकायच्या, धुऱ्यावर (बांधावर) फेकायच्या नाहीत. पुढे बोंड लागल्यावर बाहेरून काही कळत नाही, कारण अळी कोवळ्या बोंडात शिरल्यावर छिद्र बुजतं. एकरात फिरून 20 हिरवी बोंडं फोडावीत; दोनात अळी निघाली तर 10 टक्के, फवारणीची वेळ. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या) सलग तीन रात्री रोज आठ पतंग आले तरी तेच.

कवडी म्हणजे बोंडाची न उमललेली, आत चिकटून वाळलेली पाकळी; फुलाची नव्हे, बोंडातला कापसाचा कप्पा. पावसानं डागाळलेला कापूस निराळा, पण व्यापारी दोन्हीला कवडीच म्हणून भाव पाडतो. म्हणून वेचतानाच दोन ओट्या ठेवाव्यात. दव उतरल्यावर वेचावं. सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) खरेदीत ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की कपात, 12 च्या वर माल परत.

अकोटकडून : कुळाचं. जास्वंद चिरून पाहा : पुंकेसरांची नळी होऊन मधल्या दांड्याभोवती गुंडाळलेली असते. पराटी, भेंडी, अंबाडी, पेटारी, सगळ्यांत हीच रचना. सालीत चिवट धागा, पाल्यात किंवा फळात बुळबुळ, हेही कुळाचं लक्षण. नव्या वर्गीकरणात काटेसावरही इथंच आली आहे.

शेतकऱ्याला याचा उपयोग किडीपुरता, पण तेवढा मोठा आहे. ठिपक्यांची बोंडअळी भेंडीवर मनसोक्त वाढते, पिठ्या ढेकूण पेटारीवर टिकतो, आणि भेंडीवरचा केवडा (पानं पिवळी पाडणारा रोग) पसरवणारी पांढरी माशी पराटीवरही असते. म्हणून पराटीच्या कडेला भेंडीचे तास नकोत, धुऱ्यावरची पेटारी उपटावी. हिरवी बोंडअळी मात्र तूर-हरभऱ्यावरही जाते. तिथं कुळ पाहून भागत नाही.

पुन्हा प्रश्न : अंबाडीचा ‘वाक’ म्हणजे नेमकं काय? आणि चटणीला लागतात ती फुलंच ना?

अकोटकडून : वाक म्हणजे सालीचा धागा, त्याचा दोर, कासरा, चऱ्हाट होतं. झाड फुलावर आलं की कापावं. बोंडं भरेपर्यंत थांबलं तर धागा जाडाभरडा होतो. पेंढ्या दोन-तीन दिवस शेतात ठेवून पाला गळू द्यावा. बूड जाड, त्याला कुजायला वेळ लागतो, म्हणून आधी नुसती बुडं दोन-तीन दिवस पाण्यात उभी, मग पेंढ्या आडव्या बुडवून वर दगड. चिखलाचं वजन ठेवलं तर वाक काळा पडतो. साधारण 10 ते 15 दिवस, पण थंडीत जास्त लागतात, तेव्हा काडी काढून बघावी : साल बुडाकडून ओढली की सोलून निघाली पाहिजे. अडकली तर कच्चं. तुकडे पडायला लागले तर उशीर झाला, मग दोराला जोर राहत नाही.

चटणीची ‘फुलं’ लाल अंबाडीची, पण त्या पाकळ्या नव्हेत. पाकळ्या पिवळट, त्या गळून जातात. आपण घेतो ती बोंडाभोवतीची मांसल, आंबट लाल पानं. आतलं बोंड काढून टाका, त्याची लव तोंडाला लागते. बी पिकल्यावर ही पानं चामट होतात, म्हणून कोवळी असतानाच तोडावीत.